स्टीमवर घेतलेल्या गेमला वर दुसरा लाँचर आणि दुसरं खातं: वगळता येतं का, आणि हा मागं बसून काय पाठवतो?

पेठेतला_पिंग (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. एकट्यानं खेळायचा, ऑनलाइन काहीच नसलेला एक गेम स्टीमच्या (पीसी गेम विकणारं आणि चालवणारं ॲप) सेलमध्ये घेतलाय. ८० जीबी उतरल्यावर 'प्ले' दाबलं, तर गेम राहिला बाजूला आणि प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा वेगळा प्रोग्राम, बसायला लागला. तो बसल्यावर म्हणतो नवं खातं काढा. ईमेल, जन्मतारीख, देश, आणि 'सुरक्षेसाठी' मोबाइल नंबर. खाली दोन चौकटी, दोन्हींवर आधीच टिक. म्हणजे मटणाच्या ताटाचे पैसे देऊन झाल्यावर वाढपी आधार कार्ड मागतोय.

प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे आता बरेच जण करतात, आणि नाव घेतलं की धागा त्या एका कंपनीच्या नावानं शिमगा करण्यातच संपतो.

मशीन रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, विंडोज ११ होम. घरात पीसी एकच. त्यावरच वडिलांच्या दुकानाचं जीएसटीचं काम चालतं, आणि दहावीतला भाऊ पण खेळणार आहे.

विचारायचंय ते असं. लाँचर वगळून थेट गेम चालू करता येतो का? तो काय पाठवतो ते घरच्या घरी बघता येतं का? फायरवॉलनं अडवला तर गेम मोडतो का? लाईट गेली की केबलवाल्याचं नेटही जातं, पीसी इन्व्हर्टरवर चालू असला तरी. तेव्हा हा गेम चालणार का? आणि जन्मतारीख भावाची टाकायची का माझी?

खातं अजून काढलेलं नाही. त्याच पानावर थांबलोय.

उद्यमनगर_ओव्हरक्लॉक

थांबलास ते लई बेस केलंस भावा. खातं काढल्यावर काही गोष्टी मागं घेता येत नाहीत, त्या खाली लिहितो.

'लाँचर' म्हणून जे येतं त्यात तीन वेगळी कामं एकाच पोत्यात भरलेली असतात. पहिलं परवान्याचं, म्हणजे गेम तू विकत घेतलायस का ते तपासणं. दुसरं खात्याचं, म्हणजे सेव्ह, मित्र, बक्षिसं, जाहिरातीचे मेल. तिसरं टेलिमेट्रीचं, म्हणजे तू काय करतोस, कुठं अडकतोस, मशीन कसलं आहे याची नोंद वर पाठवणं. लोक भांडतात तिसऱ्यावरून, अडवायला जातात तिन्ही, आणि मग पहिलं मोडलं की गेमच चालत नाही.

वगळता येतं का, हे लाँचर कुठल्या जातीचा आहे त्यावर. एक जात नुसती दारात उभी असते: बातम्या, जाहिराती, आणि एक 'प्ले'चं बटण. ही वगळता येते. दुसरी जात गेमच्या हातात किल्ली देते, म्हणजे लॉगिनचं टोकन. ती वगळली की गेम उघडतो, टोकन सापडत नाही, आणि तोच परत लाँचरला हाक मारतो.

दारातल्या जातीचे दोन चांगले नमुने: बाल्डर्स गेट ३ आणि सायबरपंक २०७७. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, तिथं लाँच ऑप्शन्सची रिकामी पट्टी असते. बाल्डर्स गेटसाठी तिथं दोन आडव्या रेघा, लगेच 'स्किप', एक आडवी रेघ, लगेच 'लाँचर'. मध्ये कुठंच जागा नको. सायबरपंकला नेमकं उलटं: दोन रेघा, 'लाँचर', रेघ, 'स्किप'. एकाचं दुसऱ्याला टाकलं तर एरर येत नाही, लाँचर गुपचूप उघडतो. निम्मे लोक इथंच फसतात. (अक्षरं अर्थात इंग्रजी, लहान लिपीत. इथं नुसतं वाचायला देवनागरीत देतोय.)

बाल्डर्स गेटच्या फोल्डरात 'बिन' म्हणून उपफोल्डर आहे. त्यात दोन एक्झी (गेम चालवणाऱ्या फायली) दिसतील, एक व्हल्कनची आणि एक डीएक्स११ची, या पडद्यावर चित्र काढायच्या दोन पद्धती. डीएक्स११ची नावातच तसं लिहिलेली आहे. लाँचरमध्ये एरवी हीच निवड करायची असते. जुन्या कार्डावर एक अडखळली तर दुसरी चालवून बघ.

तिसरी युक्ती सगळ्यांसाठी. लाँच ऑप्शन्समध्ये आधी गेमच्या खऱ्या एक्झीचा पूर्ण मार्ग दुहेरी अवतरणात, मग एक जागा, मग टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'कमांड' हा शब्द. स्टीम मग लाँचरऐवजी ती एक्झी उघडतं, आणि खेळलेला वेळ, ओव्हरले हे सगळं चालू राहतं. अवतरण विसरलास आणि मार्गात 'प्रोग्राम फाइल्स' असलं, तर मधल्या जागेवर मार्ग तुटतो आणि काहीच होत नाही. एवढं करूनही लाँचर परत आला तर समज, किल्लीवाला आहे. मग नाद सोड.

आणि महत्त्वाचं: लाँचर वगळला म्हणजे टेलिमेट्री थांबली असं नाही. ती गेमच्या पोटातही असते. २०१८ च्या जूनमध्ये 'रेड शेल' नावाचं प्रकरण झालं. कुठल्या जाहिरातीवरून येऊन तुम्ही गेम घेतला हे जुळवणारं ते सॉफ्टवेअर होतं, आणि ते लाँचरमध्ये नव्हतंच, थेट गेमच्या फोल्डरात एक डीएलएल फाइल होऊन बसलेलं होतं. बोंबाबोंब झाल्यावर एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन, कोनन एक्झाइल्स आणि अजून बऱ्याच गेमनी ते काढलं.

जुना_गडी_शाहूपुरी

सगळे दुसऱ्या लाँचरला शिव्या घालतायत म्हणून आठवण करून देतो, स्टीम पण लाँचरच की. २००३ मध्ये आलं, २००४ मध्ये हाफ-लाइफ २ ला सक्तीचं झालं. दुकानातून डबा आणि डिस्क घेतली तरी नेटला जोडून स्टीमवर खातं काढल्याशिवाय गेम उघडत नव्हता. तेव्हा हेच सगळं बोललं गेलं, शब्दसुद्धा हेच. नंतर स्टीम वापरायला सुखाचं झालं म्हणून लोक गप्प बसले.

दंगा केल्यावर काही होतं का? होतं कधी कधी. हेलडायव्हर्स २ ला ३ मे २०२४ रोजी सोनीनं सांगितलं की स्टीमवाल्यांनी पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) खातं जोडायचंच. १०० हून जास्त देशांत पीएसएन मिळतच नव्हतं, त्यामुळं पैसे भरलेल्या लोकांना गेमच बंद होणार होता. दोन-तीन दिवसांत २ लाखांवर वाईट रिव्ह्यू पडले आणि ६ मेला सक्ती मागं. जानेवारी २०२५ मध्ये सोनीनं अजून काही पीसी गेमांवरची ती अट ऐच्छिक केली. भारतात पीएसएन आहे, म्हणून आपल्याकडं त्या वेळी फार कुणाला झळ लागली नाही, आणि आपण फार बोललोही नाही.

रंकाळा_राउटर

'काय पाठवतो' हा भाग मी घेते. सुरुवातीलाच सांगते, घरच्या घरी कुठं पाठवतो आणि किती पाठवतो हे दिसतं. काय पाठवतो हे बहुतेक दिसत नाही, कारण सगळं टीएलएसमध्ये, म्हणजे कूटबद्ध करून, गुंडाळलेलं असतं. पाकिटावरचा पत्ता आणि वजन कळतं, आतली चिठ्ठी नाही. त्यावरूनही पुष्कळ समजतं.

सगळ्यात सोपं म्हणजे रिसोर्स मॉनिटर. विंडोजची कळ आणि आर दाबून 'रेसमॉन' टाइप करा, नेटवर्कचा टॅब उघडा. डावीकडं लाँचरच्या प्रोसेसला टिक केलं की खाली फक्त तिचे पत्ते राहतात आणि सेकंदाला किती बाइट गेले, किती आले ते दिसतं. गेम बंद करून फक्त लाँचर १० मिनिटं उघडा ठेवा. मग लाँचर ट्रेमध्ये टाकून १० मिनिटं. मग गेम चालू करून १० मिनिटं. तिन्हींची तुलना करा. 'आले'चा आकडा मोठा असणारच, तो बातम्यांची चित्रं आणि अपडेट असतात. लक्ष 'गेले'वर ठेवा. काही न करता दर मिनिटाला ठरावीक थोडे बाइट जात असतील तर ते 'मी जिवंत आहे' सांगणारे ठोके. गेममध्ये मेलं, लेव्हल संपली, दुकानाचं पान उघडलं, की लगेच उसळी येत असेल तर ती टेलिमेट्री.

पुढची पायरी वायरशार्क, म्हणजे नेटवरून जाणारं-येणारं पकडून दाखवणारा प्रोग्राम. पकडणं चालू करून फिल्टरच्या पट्टीत नुसतं 'डीएनएस' लिहिलं तरी कुठल्या सर्व्हरच्या नावांची विचारणा झाली ते कळतं. त्यात प्रकाशकाचं स्वतःचं डोमेन सोडून ॲनालिटिक्सवाल्यांची नावं दिसायला लागली की चित्र स्पष्ट होतं. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, वनड्राइव्ह आधी बंद करा, नाहीतर त्यांचंच सगळं लाँचरच्या माथी मारलं जाईल.

अशाच पद्धतीनं केलेलं एक गाजलेलं प्रकरण आहे. व्हिएन्नातल्या नॉयब या संस्थेनं २४ एप्रिल २०२५ रोजी युबिसॉफ्टविरुद्ध ऑस्ट्रियाच्या डेटा प्राधिकरणाकडं तक्रार केली. फार क्राय प्रायमल, एकट्यानं खेळायचा गेम, स्टीमवर घेतलेला. तक्रारदारानं मोजलं तर १० मिनिटांत १५० वेळा बाहेरच्या सर्व्हरांशी संपर्क, त्यात गूगल, ॲमेझॉन आणि डेटाडॉग. कंपनी म्हणाली की मालकी तपासायला नेट लागतं. नॉयबचं म्हणणं, ती तपासणी स्टीमनं आधीच केलेली असते. पेठेतल्या दादांचा प्रश्न हाच आहे.

आता प्रोसेस मॉनिटरबद्दल, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठल्या फायलींना हात लावतो ते दाखवणाऱ्या साधनाबद्दल, इशारा. फोरमवर बरेच जण त्याचे स्क्रीनशॉट टाकून 'हा बघा माझ्या फायली वाचतो' म्हणतात. त्यात 'क्रिएट फाइल' असं लिहिलेलं दिसलं म्हणजे फाइल तयार केली असं नव्हे. विंडोजमध्ये फाइल नुसती उघडायची असली तरी तीच क्रिया नोंदली जाते. निकालात 'नेम नॉट फाउंड' असेल तर ती फाइल तिथं नव्हतीच. रूट सर्टिफिकेटच्या नोंदी वाचणं हेही सुरक्षित जोडणी करणारा प्रत्येक प्रोग्राम करतो. बघायचं असेल तर 'रीड फाइल' बघा, निकाल 'सक्सेस' असलेला, आणि मार्ग लाँचरच्या स्वतःच्या फोल्डराबाहेरचा. मार्च २०१९ मध्ये एपिकच्या लाँचरवर आरोप झाले तेव्हा यातलं पुष्कळसं असंच निरर्थक होतं. पण एक गोष्ट खरी निघाली. तो स्टीमच्या 'युजरडेटा'मधल्या 'लोकलकॉन्फिग' या फाइलची स्वतःजवळ प्रत करत होता, तुम्ही मित्र आयात करायला हो म्हणायच्या आधीच. एपिकनं ते मान्य केलं. खुलासा असा होता की परवानगी दिल्यावरच मित्रांचे हॅश केलेले (मूळ रूप कळू नये असे बदललेले) आयडी वर जातात, आणि ही सोय फोर्टनाइटच्या सुरुवातीच्या घाईत अशी बांधली गेली. म्हणजे ओरड अर्धी चुकीची आणि अर्धी बरोबर. पुढच्या वेळी ओरडायच्या आधी ते अर्धं वेगळं काढलेलं बरं.

क्रॅश रिपोर्ट बहुतेक जण विसरतात. गेम पडला की जी फाइल जाते त्यात फोल्डरांचे मार्ग असतात, आणि मार्गात विंडोजच्या युजरचं नाव. युजर फोल्डर पूर्ण नाव आणि आडनावानं असेल तर तेही गेलं.

बिंदू_चौक_बॉस

एवढं कशाला करत बसायचं. होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर जातं ते सांगणारी विंडोजची फाइल) त्यांची सगळी डोमेनं ०.०.०.० ला, म्हणजे कुठंच न जाणाऱ्या पत्त्याला, लावायची, विषय हार्ड. दहा मिनिटांचं काम हाय.

रंकाळा_राउटर

बॉस, दहा मिनिटांचं काम आणि दहा दिवसांचा ताप. परवाना आणि टेलिमेट्री पुष्कळदा एकाच डोमेनवर असतात, त्यामुळं दोन्ही मरतात. होस्ट्समध्ये तारा (*), म्हणजे 'अमुकचे सगळे उपडोमेन', चालत नाही, प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं. आणि काही दिवसांनी 'परवाना तपासता आला नाही' असा एरर आला की आपणच अडवलंय हे आठवतही नाही. गेम दुसऱ्यांदा ८० जीबी उतरवल्यावर आठवतं.

अडवायचंच असेल तर फायरवॉलमध्ये, एक्झीप्रमाणे. 'ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी'वाली विंडोज फायरवॉल उघडा, आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्राम, एक्झीचा मार्ग, ब्लॉक, तिन्ही प्रोफाइल. नियमाच्या नावात स्वतःची एक खूण टाका म्हणजे नंतर सापडेल. इनबाउंडमध्ये टाकून उपयोग नाही, कारण डेटा आतून बाहेर जातोय. किल्लीवाल्या लाँचरमध्ये मुख्य एक्झी अडवू नका. गेमची एक्झी आणि 'क्रॅश रिपोर्टर' नावाची एक्झी अडवून बघा. लाँचर अपडेट होताना फोल्डरचं नाव आवृत्तीप्रमाणे बदलत असेल तर नियम जुन्या मार्गावर राहतो आणि नवा लाँचर मोकळा सुटतो. महिन्यातून एकदा तपासा.

अजून एक: नियम लावायच्या आधी सेव्हचा फोल्डर कॉपी करून ठेवा. बहुतेक वेळा तो डॉक्युमेंट्समध्ये, सेव्ह्ड गेम्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये असतो. नेट अडवलेलं असताना खेळलेलं क्लाउडवर जात नाही. नियम काढल्यावर 'क्लाउडचं ठेवू का मशीनवरचं' असं विचारतो, आणि घाईत क्लाउड दाबलं की चाळीस तास पाण्यात.

वडिलांचं काम त्याच पीसीवर आहे, त्यावर मात्र खरा उपाय आहे आणि फुकट आहे. गेमसाठी वेगळा विंडोज युजर करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट, 'साइन-इनची माहिती नाही', मग मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर. प्रकार स्टँडर्ड, ॲडमिनिस्ट्रेटर नाही. नाव चार अक्षरी आणि निरर्थक ठेवा, वरचा क्रॅश रिपोर्टचा मुद्दा त्यातच सुटतो. या युजरमधून चालणारा लाँचर वडिलांच्या युजर फोल्डरात डोकावू शकत नाही. जीएसटीच्या फायली मात्र वडिलांच्या डॉक्युमेंट्समध्ये हव्यात. डी ड्राइव्हवर उघड्या पडल्या असतील तर त्या सगळ्यांनाच दिसतात. स्टीमची लायब्ररी डी वर असेल तर गेम परत उतरवावा लागत नाही, नव्या युजरमधून तोच फोल्डर जोडायचा.

याला अपवाद सिस्टमच्या अधिकारात चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि कर्नलमधले (विंडोजच्या गाभ्यात चालणारे) अँटी-चीट, म्हणजे फसवाफसवी पकडणारे प्रोग्राम. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजबरोबरच चालू होतं, त्याला युजरच्या भिंती लागू नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमच्या पानावर गेमला कर्नल अँटी-चीट असेल तर तसं लिहावं लागतं. खरेदीच्या आधी बघा.

पेठेतला_पिंग

ताई, ओव्हरक्लॉक दादा, लई उपकार. एक्झीचा मार्ग आणि 'कमांड'वाली युक्ती करून बघितली. गेमचा लोगो दोन सेकंद येतो आणि परत लाँचर. म्हणजे किल्लीवालाच निघाला. टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या पाच प्रोसेस आहेत, त्यातल्या तीन 'वेब हेल्पर' नावाच्या. त्या कशाला? आणि एक सर्व्हिस पण आहे, ती बंद करू का?

उद्यमनगर_ओव्हरक्लॉक

वेब हेल्पर म्हणजे पोटात बसवलेला क्रोमियम ब्राउझर. लाँचरची खिडकी हे खरं तर एक वेबपेज असतं. स्टीम आणि एपिकचंही तसंच आहे. हेरगिरीचा पुरावा नाही, पण रॅम खातो. १६ जीबीत दोन लाँचर, डिस्कॉर्ड आणि क्रोम म्हणजे एकाच मशीनवर चार ब्राउझर झाले.

सर्व्हिस डिसेबल करू नकोस, मॅन्युअल कर. सर्व्हिसेसच्या यादीत तिच्यावर दोनदा क्लिक करून स्टार्टअप टाइप बदल. डिसेबल केलीस तर लाँचर तिला उठवू शकत नाही आणि 'काहीतरी चुकलं'छाप एरर देऊन बसतो, त्यात सर्व्हिसचं नावही नसतं. शिवाय टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समधून लाँचर बंद कर, आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'खिडकी बंद केल्यावर ट्रेमध्ये जा' हे काढ. अपडेटनंतर हे कधी कधी आपोआप परत चालू झालेलं असतं.

ताराराणी_चौक_कन्सोल

भावाच्या वयाचं आणि कायद्याचं मी सांगतो.

खोटी जन्मतारीख टाकू नका. नीतीचा उपदेश म्हणून नव्हे. पुढं खातं हॅक झालं किंवा पासवर्ड गेला की सपोर्टवाले तपासणीला जन्मतारीख विचारतात, आणि तेव्हा १ जानेवारी १९९० टाकली होती की २००० हे कुणालाच आठवत नाही.

खरेदी ज्यानं केली त्याचंच प्रकाशकाचं खातं आधी जोडा. स्टीमवरचा असा गेम पहिल्यांदा ज्या प्रकाशक खात्याला जोडला जातो, त्याला पुष्कळदा चिकटून बसतो. भावानं उत्साहात आधी स्वतःचं खातं जोडलं तर नंतर सोडवायला सपोर्टच्या पाया पडावं लागतं. आणि स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेता येत असली, तरी तिसऱ्याचं खातं लागणारे गेम त्यात बहुतेक येत नाहीत. म्हणजे दुसऱ्या लाँचरचा खरा तोटा डेटापेक्षा आधी इथं होतो, एक गेम दोन भावांत वाटता येत नाही.

आता कायदा. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे २०२७. कंपनी परदेशी असली तरी भारतातल्या लोकांना सेवा विकत असेल तर कलम ३ प्रमाणे कायदा लागू. कलम ६ म्हणतं संमती मोकळी, स्पष्ट कृतीतून दिलेली आणि त्या कामाला लागणाऱ्या डेटापुरतीच हवी. आधीच टिक मारलेली चौकट यात बसवणं अवघड आहे. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, त्यात मराठी आली. आणि कलम ९: १८ खालचा प्रत्येक जण मूल, पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं बंद. मुलांबाबतचं बंधन मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

कागदावर हे अमेरिकेपेक्षा कडक आहे, तिथली रेघ १३ वर्षांची. त्या १३ च्या रेघेवरसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये एपिकनं फोर्टनाइटमधल्या मुलांच्या डेटाबद्दल २७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला होता. आपल्याकडची अंमलबजावणी कशी होते ते बघू, पण मे २०२७ पर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. बहुतेक लाँचरच्या खात्यात 'प्रायव्हसी' पानावर डेटाची प्रत मागायचं आणि खातं मिटवायचं बटण युरोपच्या कायद्यामुळं आधीच आहे. प्रत मागून वाचा. जुनी मशीनं, लॉगिनच्या वेळा, आयपी पत्ते, असं पुष्कळ निघतं.

ईमेलसाठी युक्ती: जीमेलमध्ये नावानंतर अधिकचं चिन्ह आणि गेमचं छोटं नाव टाकलं तरी मेल तुमच्याच पेटीत येतो. उद्या त्या पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या की कुणाकडून फुटलं ते कळतं. मोबाइल नंबर सक्तीचा नसेल तर देऊ नका, दोन पायऱ्यांच्या लॉगिनला ऑथेंटिकेटर ॲप वापरा. पैसे स्टीमवर दिलेत, तेव्हा दुसऱ्या लाँचरला कार्ड तर अजिबात नको.

पंचगंगा_ऑफलाइन

नेट गेल्यावर चालेल का, याचं उत्तर नेट असतानाच काढायचं असतं. क्रम असा. दोन्ही लाँचर ऑनलाइन ठेवून गेम सुरू करा, नुसता मेनूपर्यंत नाही तर सेव्ह उघडून आत जा. मग गेम नीट बंद करा. आधी प्रकाशकाच्या लाँचरमध्ये ऑफलाइन, मग स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन'. आता राउटरची लॅन केबल काढा आणि गेम लावा. चालला तर इन्व्हर्टरवरही चालेल. वायफाय नुसतं 'डिस्कनेक्ट' करून चाचणी घेऊ नका, विंडोज परत जोडून घेतं आणि चाचणी खोटी पास होते.

यात घोटाळा होतो तो असा: स्टीम ऑफलाइन आहे, पण प्रकाशकाच्या लाँचरला त्याच सकाळी अपडेट आलंय आणि तो 'आधी अपडेट' म्हणून अडून बसतो. दुसरा घोटाळा डेनुवोचा, म्हणजे गेमची चोरी रोखणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याचा परवाना मशीनला बांधलेला असतो, प्रोसेसर किंवा बोर्ड बदललं की परत ऑनलाइन लागतो. अशा गेमच्या स्टीम पानावर बहुतेक वेळा '२४ तासांत ५ मशीन' अशी मर्यादा लिहिलेली असते.

पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली की नेटचा भरवसा नसतो, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यासाठी दोन-तीन गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचे असू द्यात. तिथं गॅलेक्सी नावाचा लाँचर ऐच्छिक आहे. साइटवरून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवायचा, मोठ्या गेमचे ४ जीबीपर्यंतचे तुकडे असतात, सगळे एका फोल्डरात ठेवायचे. एक तुकडा राहिला तर इन्स्टॉल मध्यावर येऊन अडतं, म्हणून उतरवल्यावर मोजून घ्या. बाह्य डिस्कवर ठेवला की खातं नाही, नेट नाही, कुणाला विचारणं नाही.

राजारामपुरी_रिस्पॉन

कॅफेत खेळणाऱ्या पोरांसाठी एक ओळ. 'रिमेंबर मी'ची टिक काढा, आणि निघताना खिडकी बंद करू नका, साइन आउट करा. टोकन ॲपडेटामध्ये पडून राहतं. जिथं डिस्कलेस सर्व्हर आहे तिथं रीस्टार्टनंतर पुसलं जातं, पण सगळीकडं तसं नाही.

पेठेतला_पिंग

सगळं वाचून ठरवलं, परत करतो. पण स्टीमवर खेळलेला वेळ १ तास २० मिनिटं दिसतोय. गेम तर उघडलाच नाही!

उद्यमनगर_ओव्हरक्लॉक

लाँचरची खिडकी उघडी आहे ना? स्टीमच्या हिशोबात तोच गेम. त्याचं अपडेट उतरत होतं तो वेळही धरलाय. आत्ताच्या आत्ता टास्क मॅनेजरमधून पाचही प्रोसेस मार, आणि स्टीमवर 'रनिंग' गेलं का बघ. खरेदीपासून १४ दिवस आणि खेळ २ तासांच्या आत, दोन्ही पाळलं तर पैसे मिळतात. स्टीम सपोर्ट, पर्चेसेस, गेम, रिफंड. कारणात लिही की लाँचरमुळं वेळ गेला.

पुढच्या वेळी दुकानाच्या पानावर उजवीकडं बघ. 'थर्ड-पार्टी खातं लागतं' आणि 'थर्ड-पार्टी डीआरएम' (दुसऱ्याचं परवाना-कुलूप) अशी वेगळ्या रंगाची चौकट असते, किंमत बघायच्या नादात नजर तिथं जात नाही.

पेठेतला_पिंग

मारल्या. १ तास २४ वर थांबलं. रिफंड टाकतोय. भावानं मघाशी माझ्या नकळत स्वतःच्या ईमेलनं त्यात खातं काढून ठेवलंय म्हणे. ते आधी डिलीट करू का?

ताराराणी_चौक_कन्सोल

आधी रिफंड. पैसे आल्याचा मेल येऊ दे, मगच खातं. उलटं केलंस आणि रिफंड नाकारला, तर गेम मेलेल्या खात्याला चिकटलेला राहील आणि तुला धड खेळताही येणार नाही. डिलीट करताना खात्यात डेटाची प्रत मागायचं बटण असेल तर आधी तेही दाब.

लाँचर मात्र आजच काढ. ॲप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल झाल्यावर ती सर्व्हिस उरली नाही ना, तेवढं बघून घे.